ग्दान्स्क : एका नगराची संहिता आणि तिचे संपादक

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, विस्तुला नदीच्या मुखाजवळ वसलेले ग्दान्स्क हे पोलंडमधील बंदर मराठी वाचकास बहुधा डान्झिग ह्या जर्मन नावानेच परिचित असते, आणि तेही दुसरे महायुद्ध जेथे सुरू झाले ते ठिकाण म्हणून. ह्या नगराच्या मध्यभागी द्वूगी तार्ग, म्हणजे ‘लांब बाजार’, नावाचा चौक आहे. त्याच्या दोन्ही अंगांस अरुंद, उंच, रंगीत दर्शनी भिंतींची घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मध्ये १६३३ साली खुले झालेले नेपच्यूनचे कारंजे आणि एका टोकाला नगरसभागृहाचा सडपातळ मनोरा. पाहणारास वाटते की सतराव्या शतकातील व्यापारी नगर जसेच्या तसे टिकून राहिले आहे. वस्तुतः ह्या घरांपैकी बहुतेक सर्व १९४५ नंतर उभारलेली आहेत. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सोव्हिएत सैन्याने नगर जिंकले, त्या वेळच्या लढाईत आणि नंतरच्या आगीत जुन्या नगराचा मध्यभाग जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला होता.

ह्या पुनर्रचनेविषयी दोन मते रूढ आहेत. एका मतानुसार हा नगराचा पुनर्जन्म आहे. दुसऱ्यानुसार हा नाटकाचा पडदा आहे, ज्याच्या मागे सामान्य सरकारी चाळी दडविल्या आहेत. पहिल्या मतात भाबडेपणा आहे आणि दुसऱ्यात थोडा आढ्यतेचा दोष आहे. परंतु दोहोंची खरी उणीव निराळीच आहे. ‘मूळ’ नगर कोणते हे आधीच ठरलेले आहे, असे दोन्ही मते गृहीत धरतात. आणि नेमका तोच प्रश्न येथे सुटलेला नाही. अनेक पोथ्यांवरून एखाद्या ग्रंथाची संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकापुढे जे प्रश्न उभे राहतात, तेच ग्दान्स्कच्या पुनर्रचनाकारांपुढे होते. कोणता पाठ जुना, कोणता प्रक्षिप्त, गळालेला भाग कशाच्या आधारे भरावयाचा, आणि भरला असल्यास तसे वाचकास सांगावयाचे की नाही? ह्या दृष्टीने पाहिले असता ग्दान्स्कचे मध्यनगर ही एक संपादित आवृत्ती ठरते, आणि तिचे मूल्यमापन आवृत्ती म्हणूनच व्हावयास हवे.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट आहे, कारण वादाचा आरंभ नावापासूनच होतो. इ. स. ९९७ मध्ये प्राग येथील बिशप संत आदाल्बर्ट धर्मप्रसारासाठी ह्या ठिकाणी आला होता. त्यानंतर थोड्याच काळात लिहिल्या गेलेल्या त्याच्या लॅटिन चरित्रात हे नाव ‘ग्युद्दान्युझ्क’ अशा काहीशा विचित्र रूपात येते. ह्या विचित्रपणातच त्याचे महत्त्व आहे. पहिल्या ‘ग’ आणि ‘द’ ह्यांच्यामध्ये लॅटिन लेखकास जो स्वर ऐकू आला, तो प्राचीन स्लाव्ह भाषेतील अत्यंत ऱ्हस्व स्वर होय. पुढे पोलिश भाषेत तो लोप पावला आणि ‘ग्द’ हे जोडाक्षर शिल्लक राहिले. नावाच्या अखेरचा ‘-स्क’ हा प्रत्यय तर स्लाव्ह स्थळनामांत पदोपदी आढळतो. जर्मन भाषकांच्या तोंडी आरंभीचा ‘ग’ टिकला नाही आणि शेवट त्यांना परिचित असलेल्या वळणावर गेला. लिप्स्कचे लाइप्झिग झाले त्याच रीतीने ग्दान्स्कचे डान्झिग झाले. आसपासच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या काशुबियन भाषेत तेच नाव ‘ग्दुन्स्क’ असे उच्चारले जाते. ही काशुबियन दीर्घकाळ पोलिशची बोली मानली गेली. तिला पोलंडमध्ये प्रादेशिक भाषेचा दर्जा २००५ साली मिळाला.

ह्यावरून निष्पन्न होते ते इतकेच की डान्झिग हे जर्मन मुखातले स्लाव्ह नाव आहे. विसाव्या शतकात दोन्ही बाजूंच्या लेखकांनी ह्या नावाचा उपयोग मालकीहक्काच्या कागदासारखा केला. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते. घर कोणाचे, हे तिला सांगता येत नाही.

नगराचा इतिहासही असाच एका भाषेच्या चौकटीत न मावणारा आहे. १३०८ साली ट्यूटन धर्मयोद्ध्यांनी पोमेरेनियातील हे गाव कत्तल करून बळकावले. परंतु त्यांच्याच अमदानीत, १३४३ साली, मध्यनगरास सनद मिळाली आणि हान्सा ह्या व्यापारी संघात त्याला मानाचे स्थान प्राप्त झाले. १४५४ मध्ये नगराने ह्या योद्ध्यांविरुद्ध बंड करून पोलंडचा राजा चौथा काझीमीर ह्याचे सार्वभौमत्व स्वेच्छेने स्वीकारले. तेरा वर्षांचे युद्ध होऊन १४६६ च्या तहाने ती व्यवस्था कायम झाली. त्याबदली राजाने नगरास असे विस्तृत अधिकार दिले की ते जवळजवळ स्वायत्त प्रजासत्ताकच बनले. पोलंडच्या मुकुटाशी निष्ठा आणि घरी जर्मन भाषा, अशी ही नागरिकांची स्थिती पुढे सव्वातीनशे वर्षे राहिली. निष्ठेलाही सौदेबाजीची धार होती. १५७७ मध्ये राजा स्टेफान बातोरी ह्यास मानण्याचे नगराने नाकारले, वेढा सोसला, आणि अखेर मोठी रक्कम भरून आपले अधिकार राखून घेतले.

विस्तुलेवरून तराफ्यांनी आणि होड्यांनी पोलंडचे धान्य येई व येथून ॲम्स्टरडॅमकडे रवाना होई. ह्या व्यापारासाठी भाषा शिकणे भाग होते. नगरातील विद्यालयाची स्थापना १५५८ ची. तेथे पोलिश शिकविणाऱ्या निकोलाउस फोल्कमारने लॅटिन, जर्मन आणि पोलिश अशा तीन भाषांचा कोश १५९६ मध्ये ग्दान्स्क येथेच प्रसिद्ध केला. पोलिश प्रॉटेस्टंटांचे प्रसिद्ध बायबल छापले गेले तेही येथेच, १६३२ साली. छळाला कंटाळून नेदरलँड्समधून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी मुखाजवळची दलदल उपसून शेते केली. स्कॉटलंडमधून आलेल्या फेरीवाल्यांच्या आणि विणकरांच्या आठवणी तर ‘जुने स्कॉट’ आणि ‘नवे स्कॉट’ ह्या उपनगरांच्या नावांत राहिल्या आहेत. थोडक्यात, आपण कोणत्या राष्ट्राचे हा प्रश्न ह्या नगरातील माणसाला विचारला असता तर त्याला तो नीटसा कळलाच नसता.

वास्तूंची साक्ष ह्याहून वेगळी नाही. बाल्टिकच्या मैदानी प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मिळ असल्यामुळे सारी मोठी कामे भाजक्या विटांची आहेत. १३४३ मध्ये सुरू होऊन १५०२ मध्ये पूर्ण झालेले संत मेरीचे चर्च हे विटांच्या चर्चपैकी जगातील सर्वांत मोठ्यांत गणले जाते. त्याची लांबी सुमारे १०५ मीटर आहे. बाहेरून ते डोंगराच्या कड्यासारखे अवजड आणि अबोल दिसते, दगडी शिल्पांची मौज तेथे नाही. आत मात्र तिन्ही दालने सारख्याच उंचीची असल्याने पांढऱ्या भिंतींवर प्रकाश मुक्तपणे पसरतो. हान्स ड्यूरिंगरने १४६४ ते १४७० ह्या काळात घडविलेले खगोलीय घड्याळ येथे आहे. हान्स मेमलिंगचे ‘अंतिम न्याय’ हे चित्रही येथेच होते. इटलीकडे जावयाचे ते चित्र पाउल बेनेके ह्या ग्दान्स्कच्या सागरी लुटारूने १४७३ मध्ये जहाजासकट पकडले आणि ते चर्चला अर्पण झाले! पापपुण्याच्या निवाड्याचे चित्र लुटीतून यावे, ह्यातील विसंगती त्या काळच्या भाविकांना खटकल्याचे दिसत नाही. आज मूळ चित्र नगरातील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मोत्वावा नदीच्या काठी १४४२ ते १४४४ ह्या काळात बांधलेली प्रचंड यारी हे तर नगराचे बोधचिन्हच होय. विटांच्या दोन गोल बुरुजांमध्ये लाकडी मनोरा अडकविलेला आहे, आणि मनोऱ्याच्या पोटातील मोठ्या चाकांत माणसे चालत राहून माल वर ओढीत. ४ टन वजन सुमारे ११ मीटर उंचीपर्यंत चढविण्याची तिची शक्ती होती. जहाजांच्या डोलकाठ्याही तिनेच बसविल्या जात. शिवाय हीच वास्तू नगराचा नदीकडील दरवाजाही होती. संरक्षण, कर आणि हमाली ह्यांची सोय एकाच इमारतीत करण्याचा हा हिशेबी स्वभाव ग्दान्स्कमध्ये जागोजाग भेटतो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धान्याच्या पैशाने नगराचा चेहरा बदलला. आंटोनी फान ओब्बेर्घेन ह्या फ्लेमिश वास्तुकाराकडे मोठ्या शस्त्रागाराचे श्रेय दिले जाते. विटांच्या तांबड्या पार्श्वभूमीवर दगडी कोरीवकाम आणि छपराच्या दोन पाख्यांमधील त्रिकोणी भिंतीवर गुंडाळ्यांची नक्षी, अशी ही इमारत १६०९ पर्यंत पूर्ण झाली. तोफा ठेवण्याच्या जागेला एवढा थाट का, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु नगराला आपल्या तोफा दाखवावयाच्याच होत्या, आणि त्याही केवळ शत्रूला नव्हे. आब्राहाम फान डेन ब्लोके ह्याने १६१२ ते १६१४ मध्ये बांधलेल्या सुवर्णद्वारावर बाहेरच्या बाजूस जर्मन भाषेत एका स्तोत्रातील वचन आहे आणि नगराकडील बाजूस ऐक्याची महती सांगणारे लॅटिन वचन आहे. एकाच कमानीवर दोन भाषा आहेत, आणि राजाची पोलिश त्या दोहोंत नाही.

ह्या काळाचे सर्वांत बोलके साधन नगरसभागृहातील लाल दालनाच्या छतावर आहे. आब्राहामचा भाऊ इसाक ह्याने १६०८ मध्ये रंगविलेल्या मध्यचित्रात नगर एका विजयकमानीच्या माथ्यावर विराजमान झालेले दाखविले आहे. ढगांतून आलेला ईश्वराचा हात सभागृहाच्या मनोऱ्याचे टोक धरून आहे. खाली विस्तुलेचे पाणी आणि त्यावरून समुद्राकडे चाललेला माल. आणि अगदी पुढे, बाजारात, पोलिश सरदार आणि ग्दान्स्कचा व्यापारी हस्तांदोलन करीत आहेत. ईश्वराची कृपा आणि धान्याचा सौदा ह्यांचा संबंध इतक्या निःसंकोचपणे क्वचितच कोठे चित्रित झाला असेल. युद्धकाळात ही फलके काढून नगराबाहेर नेली होती, म्हणूनच ती वाचली. १९४५ नंतरच्या संपादकांच्या हाती आलेल्या मूळ प्रतींत हिचे मोल सर्वाधिक मानावे लागेल, कारण ह्या नगराने स्वतःविषयी केलेले ते स्वतःचेच भाष्य आहे.

१७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत नगर प्रशियाकडे गेले. तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर १७८८ मध्ये येथे जन्मला होता. प्रशियाची सत्ता येताच त्याच्या पित्याने कुटुंबासह हांबुर्ग गाठले. एकोणिसाव्या शतकात घरांसमोरचे दगडी ओटे रहदारीसाठी बऱ्याच रस्त्यांतून काढले गेले, जुन्या घरांच्या दर्शनी भिंती नव्या अभिरुचीनुसार बदलल्या, दुकानांच्या मोठ्या काचा आल्या, आणि तटबंदीबाहेर कारखाने व भाड्याच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. १९२० ते १९३९ ह्या काळात राष्ट्रसंघाच्या छत्राखाली हे ‘मुक्त नगर’ होते. बहुसंख्य रहिवासी जर्मनभाषक होते आणि १९३३ पासून सत्ता नाझी पक्षाकडे होती. १ सप्टेंबर १९३९ रोजी वेस्टरप्लाटेवर तोफा डागल्या गेल्या. साडेपाच वर्षांनी नगर जळाले, जर्मन रहिवासी पळाले किंवा घालविले गेले, आणि मध्य पोलंडमधून, तसेच सोव्हिएत संघात गेलेल्या पूर्वेकडील प्रदेशांतून, विशेषतः विल्नोच्या परिसरातून, नवे लोक येथे आले.

वॉर्सोशी तुलना केल्याशिवाय पुढचा मुद्दा ध्यानात यावयाचा नाही. वॉर्सोचे जुने नगर जर्मनांनी हेतुपुरस्सर उद्ध्वस्त केले होते आणि तेथील लोकांनी आपलेच घर परत बांधले. राष्ट्राच्या स्मारकांचा असा नाश झाल्यावर ती पुन्हा उभारणे हे कर्तव्यच ठरते, हा प्रमुख वास्तुसंरक्षक यान झाखवातोविच ह्यांचा युक्तिवाद तेथे सहज पटणारा होता. ग्दान्स्कमध्ये नवागतांना दुसऱ्याचे घर बांधावयाचे होते. अवशेष तसेच ठेवावेत किंवा सर्वस्वी आधुनिक नगर वसवावे, असे म्हणणारेही तेव्हा होते. वाद काही वर्षे चालला आणि अखेर मध्यनगर जुन्या रूपात, पण श्रमिकांची वसाहत म्हणून, बांधावयाचे ठरले.

येथे संपादकांनी आपली कालमर्यादा ठरविली. १७९३ पूर्वीचे ते ग्राह्य, नंतरचे ते प्रक्षिप्त. फ्लेमिश, डच, इटालियन वळणाचे जे जे होते ते साक्षेपाने उभारले गेले. प्रशियन काळातील दर्शनी भिंती, त्यांचे पुरावे उपलब्ध असूनही, बहुधा वगळल्या गेल्या. मारियात्स्का रस्त्यावरील ओटे त्यांच्या कठड्यांसह आणि पन्हळींच्या दगडी मुखांसह पुन्हा आले. घरांच्या मागील अंगास शतकानुशतके साचलेल्या दाट इमारती मात्र परत बांधल्या नाहीत. त्या जागी मोकळी, झाडांची अंगणे केली. दर्शनी भिंतीमागे नव्या मापाच्या सदनिका आल्या, आणि कित्येक ठिकाणी दोन-तीन ‘घरां’ना मिळून एकच जिना आहे.

ह्या निवडीवर राष्ट्रवादाचा आरोप केला जातो आणि तो खोटा नाही. परंतु एक वस्तुस्थिती ह्या आरोपाला गुंतागुंतीची करते. एकोणिसाव्या शतकाची भर काढून टाकून नगर ‘शुद्ध’ करावे, ही कल्पना मुळात पोलिश नव्हतीच. महायुद्धापूर्वी येथील जर्मन वास्तुसंरक्षकांनीही तीच भाषा केली होती आणि काही घरांवर तिचा प्रयोगही केला होता. त्यांना त्यातून जर्मन हान्सा नगर शोधावयाचे होते. एकमेकांचे वैरी असलेल्या दोन संपादकपक्षांनी एकच प्रक्षेप ठरवून एकाच कात्रीने कापावा, ही ह्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. शुद्ध पाठाचा मोह कोणत्याही एका राष्ट्राची मक्तेदारी नाही, आणि भाषाशुद्धीच्या चळवळी पाहिलेल्या अभ्यासकाला त्याचे नवल वाटू नये.

अंगणांविषयी मात्र टीकाकारांनी अन्याय केला आहे. मागच्या अंधाऱ्या खोल्या वगळणे हा इतिहासाशी द्रोह असेल. पण ज्यांना तेथे मुले वाढवावयाची होती त्यांना उजेड आणि हवा मिळाली. विल्नोहून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबाला नगर राहण्यासाठी हवे होते. ग्दान्स्कच्या मध्यनगरात आजही लोक राहतात, दोरीवर कपडे वाळतात, अंगणांत वृद्ध बसतात. युरोपातील कित्येक ‘अस्सल’ जुन्या नगरांस हे भाग्य राहिलेले नाही. चाळी दडविल्याचा आक्षेप घेणारांनी ह्या गोष्टीचा विचार केलेला दिसत नाही.

खरा दोष पाठभेद न नोंदविण्यात आहे. चांगला संपादक वगळलेला पाठ तळटीपेत देतो. येथे तळटीपा नव्हत्या; उलट जर्मन लेख पुसण्याची मोहीम नव्याने पोलंडकडे आलेल्या साऱ्या प्रदेशात चालली होती. त्यामुळे नव्या रहिवाशाला आपल्या भिंतीपूर्वीची भिंत कोणाची, हे कित्येक दशके उघडपणे विचारता आले नाही. आणखी एक विनोद असा की, संपादकांनी स्वतःची भरही घातली. १४५४ च्या घटनेच्या पाचशेव्या वर्षानिमित्त, १९५४ मध्ये, द्वूगा रस्ता व लांब बाजार येथील भिंतींवर चित्रकारांनी नव्याने रंगकाम आणि कोरचित्रे केली. त्यांतील पुष्कळसा भाग जुन्याची नक्कल नसून त्या काळच्या कलावंतांची स्वतंत्र रचना आहे. ती उत्तम आहे, आणि आज तीही जतन करण्याच्या योग्यतेची मानली जाते. प्रक्षेपाला पन्नास-साठ वर्षे झाली की तो संहितेत मुरतो, ह्याचा हा प्रत्यक्ष पुरावा.

शेजारच्या एल्ब्लाँग ह्या बंदराने निराळा मार्ग घेतला. तेथील जुने नगर युद्धानंतर बराच काळ गवताखालीच राहिले. १९८० नंतरच्या दशकात जुन्या पायांच्या मापाबरहुकूम, पण उघडपणे नव्या धाटणीची घरे बांधण्यास आरंभ झाला. पद्धत म्हणून ही अधिक प्रामाणिक आहे. परंतु प्रामाणिकपणाने सौंदर्य आपोआप येत नाही. त्या घरांचे त्रिकोणी माथे कित्येकदा व्याकरणशुद्ध पण निर्जीव वाक्यांसारखे वाटतात. ग्दान्स्कमध्येही असे प्रयोग पुढे झाले. २०१४ मध्ये खुले झालेले रेनातो रित्सी ह्यांचे शेक्सपिअर नाट्यगृह हे त्यांतले सर्वांत धीट होय. काळसर विटांचा हा बंद किल्ला, ज्याचे छप्पर उघडता येते, सतराव्या शतकातील इंग्लिश नटमंडळींच्या वास्तव्याची आठवण ठेवतो आणि तरीही कोणत्याही जुन्या भिंतीची नक्कल करीत नाही.

वगळलेला थर नाहीसा झाला असे मात्र नाही. मध्यनगराबाहेरचा व्झेश्च हा भाग पुष्कळसा वाचला, आणि १९२७ मध्ये जन्मलेल्या ग्युंटर ग्रास ह्यांनी ‘टिन ड्रम’ ह्या १९५९ मधील कादंबरीत त्याच प्रशियन-काळच्या रस्त्यांना जागतिक साहित्यात नेले. ग्रास ह्यांची आई काशुबियन होती. संपादकांना नको असलेला पाठ अशा रीतीने दुसऱ्याच आवृत्तीत छापला गेला.

जहाजबांधणीच्या गोदीची गोष्ट ह्याहून अधिक उद्बोधक आहे. ही गोदी एकोणिसाव्या शतकातील जर्मन उद्योगाची निर्मिती. १७९३ च्या मर्यादेनुसार ती नगराच्या संहितेत बसतच नाही. परंतु पोलंडच्या अर्वाचीन इतिहासातील निर्णायक घटना घडल्या त्या तेथेच. डिसेंबर १९७० मध्ये गोदीच्या दरवाजाशी कामगारांवर गोळ्या चालल्या. ऑगस्ट १९८० मध्ये संप झाला, आणि ३१ ऑगस्टला लेख वावेन्सा ह्यांनी सरकारबरोबरच्या करारावर सही केली ती गोदीतील एका लांबट, तांबड्या विटांच्या सभागृहात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मृतांसाठी ४२ मीटर उंचीचे तीन पोलादी क्रूस दरवाजासमोर उभे राहिले. ते सभागृह एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या संधिकाळी जर्मन अमदानीत बांधलेले आहे. ते आता जपले गेले आहे. त्याच्या भोवतीच्या त्याच वयाच्या, त्याच विटांच्या अनेक कार्यशाळा मात्र ह्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पाडल्या गेल्या.